तिनं दार उघडावं का?

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! दोन बॅगा, एक गादी, चार भांडी आणि तोंड फुगवलेली माझी लेक, एवढा संसार घेऊन नव्या गावात उतरलो. घटस्फोटानंतर आम्हा दोघींचं स्वतःचं असं हे पहिलंच घर. बेकरीच्या वर दोन खोल्या. दिवसभर पावाचा वास, तोही फुकटात. स्वयंपाकघरातला नळ गळतो, त्याला मी उशीच्या जुन्या पिवळ्या अभ्र्याची चिंधी बांधून टाकली. दाराची कडी लावायला खांद्यानं दार रेटावं लागतं. खिडकीसमोरच सिनेमा थिएटरची मागची भिंत आहे. उद्यापासून माझी नोकरी तिथेच, त्यामुळे उशीर झाला तर सांगायला सबबसुद्धा नाही.

लेक पंधरा वर्षांची. लहानपणी घरभर गरगर फिरायची म्हणून नाव पडलं भिंगरी. आता फिरत नाही, बसते. केस तोंडावर सोडायचे आणि दहा हाकांना एक ‘हं’. पण बसमध्ये मी आमच्या जुन्या घरमालकिणीची नक्कल केली, ती नाकातून बोलते तशी, तेव्हा हसलीच शेवटी. नकला ही माझी एकुलती एक कला आणि भिंगरी ही एकुलती एक प्रेक्षक. ती हसली की मला दुसरं काही लागत नाही, खरंच सांगते.

शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी ती घरात एकटी. तिला बजावलंय, कुणीही दार वाजवू दे, उघडायचं नाही. ‘आले गं भिंगरे, उघड’ असा माझा आवाज आला तरच उघडायचं. ती म्हणाली, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? मी म्हटलं, असशील बाई मोठी, तरी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कामाचा पहिला दिवस आणि माझ्या पायांचे तुकडे पडलेत. पण मजा आली!

काम असं. सिनेमा अजून बाजारात आलेला नाही. एक दिवसाआड दुपारी तीनला तो लोकांना फुकट दाखवतात. सुटल्यावर मी दारात उभं राहायचं आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचे: काय आवडलं, काय खटकलं आणि शेवटी तिनं दार उघडावं का? उत्तरं मुठीत मावणाऱ्या रेकॉर्डरमध्ये टिपायची आणि संध्याकाळी तो मॅनेजरांच्या हवाली करायचा. लोक जे म्हणतील त्याप्रमाणे सिनेमावाले काटछाट करतात आणि पुढच्या खेळाला बदललेला सिनेमा हजर. इतक्या झटपट? मी विचारलं. मॅनेजर पेपरमिंट चघळत म्हणाले, आजकाल काय, सगळं होतं.

अट एकच. विचारणाऱ्या माणसानं सिनेमा बघायचा नाही. बघितला की त्याचं मत चेहऱ्यावर येतं आणि लोक त्या चेहऱ्याला बरं वाटेल असं बोलतात, असं मॅनेजरांचं म्हणणं. त्यांनी स्वतःही बघितलेला नाही. मी म्हटलं, काळजी सोडा, न बघता बोलण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

गोष्ट लोकांच्या तोंडूनच कळली. पंधरा वर्षांची मुलगी आईबरोबर नव्या गावात येते. आई कामाला गेली की रोज दुपारी कुणीतरी दार वाजवतं. मुलगी उघडत नाही, पण हळूहळू तिचं डोकं फिरायला लागतं. दाराबाहेर कोण आहे हे सिनेमा सांगत नाही. म्हणजे माझीच गोष्ट की!

मतं काय एकेक! एका कॉलेजकुमाराला सिनेमा रटाळ वाटला. त्याच्या मैत्रिणीची मात्र भीतीनं बोबडी वळली होती. जिन्यावरच दोघांची जुंपली. एक आजोबा अर्धा सिनेमा झोपले होते, पण सगळ्यात ठाम मत त्यांचंच. एक शिक्षिका म्हणाल्या, असले सिनेमे पोरांच्या डोक्यात भलतंसलतं भरवतात, बंदीच घाला. त्यांच्याच मागे तिघी शाळकरी मुली डोळे पुसत म्हणत होत्या की आमच्या मनातलं पहिल्यांदाच कुणीतरी दाखवलं. पोरीचं काम कुणाला झकास वाटलं, कुणाला निव्वळ लाकडी. चष्मेवाल्या एका बाईंची तक्रार, केस सगळे तोंडावर, चेहरा म्हणून दिसत नाही, कापा की ते. दार उघडावं का, यावर निम्मे हो, निम्मे नाही. एकमत फक्त एका गोष्टीवर: आई फार बडबडते. मी खो खो हसले.

घरी येऊन भिंगरीला सगळ्यांच्या नकला करून दाखवल्या. तिला शाळेत मैत्रीण मिळालीय, दोन वेण्यांची, हसरी. दुपारी सोबतीला येऊन बसते म्हणे. माझा जीव भांड्यात पडला. आज दुपारी दार वाजलं होतं, असंही भिंगरी म्हणाली. दोघी गप्प बसून राहिल्या. बेकरीतला कुणी असेल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काल बाजारातून आले तर भिंगरीनं केस कापलेले. स्वयंपाकघरातल्या कात्रीनं, कानापर्यंत! माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. कात्री काय खेळणं वाटलं का तुला, कुणाला विचारून कापलेस, सगळं झालं. का कापलेस, हे तिला सांगताच येईना. म्हणाली, खटकत होते. मग रडली, मग मीही रडले, आणि शेवटी मी ते थोडे सारखे करून दिले. खरं म्हणजे चांगली दिसते. डोळे दिसतात.

आजच्या खेळाला त्या मुलीचे केस कापलेले होते. तिचे डोळे किती बोलके आहेत, असं बरेच जण म्हणाले. एका गृहस्थांनी कौतुकानं सांगितलं की ती स्वयंपाकघरातली कात्री घेते आणि मग आई ओरडते, कात्री काय खेळणं वाटलं का तुला. तिथे अख्खं थिएटर हसलं म्हणे.

हे वाक्य जगातली कुठलीही आई म्हणेल. मी स्वतःला हेच सांगितलं. तरी रेकॉर्डर हातातून सटकला.

आजच्या तक्रारी अशा: ती दोन वेण्यांची मैत्रीण येऊन बसते, त्यानं भीतीच जाते. पोरगी एकटी पाहिजे. आणि आईची बडबड आवरा.

शनिवार, ८ नोव्हेंबर

काल मैत्रीण आली नाही. आजही नाही. सकाळी मी शाळेच्या फाटकाशी जाऊन तिला गाठलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चुकून कुणा परक्या पोरीचा हात धरलाय. भिंगरीचं शाळेतलं नाव सांगितलं तर म्हणाली, या नावाचं आमच्या वर्गात कुणी नाही.

माझा घसा बसलाय. थंडी लागली असेल.

आज लोक फार खूश होते. एकटेपणा अंगावर आला म्हणाले. काहींना मात्र अती वाटलं, इतकी दुःखी पोर बघवत नाही म्हणाले आणि मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मग चष्मेवाल्या बाई आल्या, त्या दुसऱ्यांदा बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, घर अगदी खरं उभं केलंय हो, गळका नळसुद्धा, त्याला पिवळी चिंधी बांधलेली.

आमच्या घरात अजून कुणीही आलेलं नाही.

त्यांचं पुढचं मतही टिपलं. मुलगी बोलते ते नको, गप्प असली तर जास्त परिणाम होईल. त्या हे अगदी मायेनं बोलल्या.

रविवार, ९ नोव्हेंबर

भिंगरी सकाळपासून एक शब्द बोलली नाही. रुसवा नाही हा, तिचा रुसवा मला पाठ आहे. विचारलं की तोंड उघडते, बंद करते आणि मग घाबरून माझ्याकडे बघते.

ताईला फोन केला. तिनंच ही नोकरी लावून दिली होती. म्हणाली, तू पहिल्यापासून राईचा पर्वत करणारी, वयात आलेली पोर आहे, गप्पच बसणार, तू आधी गरम पाण्याच्या गुळण्या कर, तुझं बोलणं धड ऐकू येत नाहीये.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज अट मोडली. खेळ सुरू असताना पडदा सारून आत डोकावले.

पडद्यावर आमचं स्वयंपाकघर. तो नळ, ती चिंधी, ओट्यावर सकाळचा माझा अर्धा कप चहा. खुर्चीत भिंगरी. कापलेले केस, निळा स्वेटर. ती दाराकडे बघत होती, म्हणजे इकडे, माझ्याकडे. दार वाजत होतं. सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखं. माझी लेक तोंडावर दोन्ही हात दाबून बसली होती आणि दीडशे माणसं शेंगदाणे खात ते बघत होती.

धावत घरी गेले. जिन्यात कुणी नव्हतं. दारातून म्हटलं, आले गं भिंगरे, उघड. उघडलं तिनं. तशीच, निळा स्वेटर, गार हात. मला घट्ट बिलगली, पण बोलली नाही.

मॅनेजरांना जाऊन सांगितलं, बंद करा हा प्रकार. ओरडायचं होतं, पण घोगरा आवाज फुटला नुसता. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. सिनेमावाल्यांना त्यांनी कधी बघितलेलंच नाही. रेकॉर्डर संध्याकाळी टेबलावर ठेवायचा आणि सकाळी सिनेमाचे नवे डबे आलेले असतात, एवढंच त्यांना माहीत. तुम्ही नोकरी सोडा हवं तर, म्हणाले, मी दुसऱ्या कुणालातरी उभं करीन. प्रश्न तर विचारले जाणारच.

मग नाही सोडली. लोक माझ्या पोरीचं काय करायला सांगतायत ते मला कळायला तरी हवं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बॅगा भरल्या. बसस्टँडवर गेलो. भिंगरीनं बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थिजली. मी ओढलं, कंडक्टरनं ओढलं, मागचे लोक खेकसले. जागची हलेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण पाय उचलेना. बस गेली. दुसरीही गेली. बस दूर गेल्यावर ती आपोआप चालायला लागली, घराच्या दिशेनं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बसस्टँडचा प्रसंग फार ताणलाय, असं कॉलेजकुमार म्हणाला. आजोबांना तोच सगळ्यात आवडला.

मी लोकांना फिरवायचा प्रयत्न केला. शेवटी पोरगी वाचायला हवी ना हो, असं विचारायला लागले. शिक्षिका तेवढ्या हो म्हणाल्या. बाकीचे चिडले. गोडगोड शेवट आम्हाला नको, आम्ही काय लहान मुलं आहोत का? दार उघडावं का, यावर आज हो म्हणणारे जास्त होते.

मग मी ते केलं. सगळे गेल्यावर थिएटरच्या मागे भिंतीशी उभी राहिले आणि रेकॉर्डर सुरू करून बोलले. आधी चष्मेवाली झाले. मग आजोबा, मग कॉलेजकुमार, त्याची मैत्रीण, त्या तिघी मुली. बसलेला घसा नकलांना उलट सोयीचा पडला. सगळ्यांच्या आवाजात एकच मागणं मागितलं: पोरीला हसू द्या, बोलू द्या, दार उघडायला लावू नका. चष्मेवालीच्या आवाजात तर पदरचं घातलं. आई नाही ना आवडत तुम्हाला? मग आईला काढा. आईला काढून टाका आणि पोरीला हसती ठेवा.

मनापासून बोलले. तिच्याऐवजी मी, असा हिशेब कुठली आई करणार नाही?

तशीच घरी आले, हाक मारली, आले गं भिंगरे, उघड. ती आत घेईपर्यंत लक्षातच आलं नाही की रेकॉर्डर सुरूच आहे. असो. एका हाकेनं काय होतंय? संध्याकाळी तो टेबलावर ठेवून आले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

भिंगरी हसली! सकाळी उठली तीच हसत. शाळेत गेली हसत, आली हसत. माझ्या डोळ्यांना धार लागली. नक्कल करून दाखवायला गेले तर आवाज फुटेना. अजिबात नाही, नुसती हवा.

चालेल. हसतेय ना ती.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ती झोपेतही हसत होती.

आज दारात उभी होते. विचारता येत नाही म्हणून तिन्ही प्रश्न पुठ्ठ्यावर लिहून धरले. लोक येत, पुठ्ठा वाचत, रेकॉर्डरमध्ये बोलत. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. कॉलेजकुमाराचा धक्का लागला तर तो मागे वळून रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

मतं दोन तऱ्हेची. काहींना ती हसरी पोर फार गोड वाटली. काही म्हणाले, बाप रे, हे हसूच जास्त भयंकर आहे, उत्तम बदल. आईला काढलं ते बरं केलं, यावर एकमत. एकानं विचारलं, आई होती का त्यात?

आणि तिसरा प्रश्न. पहिल्यांदाच सगळे हो म्हणाले. सगळेच्या सगळे. शिक्षिकासुद्धा. आता ती घाबरत नाही, अडवायलाही कुणी नाही, मग उघडायला काय हरकत आहे? उघडू दे की.

मी रेकॉर्डर जमिनीवर आपटला. पायानं चेचला. मॅनेजरांनी तुकडे गोळा केले, हे कसं पडलं म्हणून स्वतःशीच पुटपुटले आणि तुकडे टेबलावर ठेवले.

शनिवार, १५ नोव्हेंबर

टेबलावर आज सकाळी धड रेकॉर्डर होता.

भिंगरीनं जेवायला एकच ताट घेतलं. मी समोर बसले, तिचा चेहरा हातात धरला. तिनं गालावरची माशी उडवावी तसा हात फिरवला आणि हसत जेवत राहिली.

भिंतीवर कोळशानं लिहिलं, दार उघडू नको. मोठ्या अक्षरांत. तिनं नळाची पिवळी चिंधी सोडली, ओली केली, सगळं पुसलं. हसत.

देवा, एकदा तरी माझ्याकडे बघ म्हणावं तिला.

रविवार, १६ नोव्हेंबर

तीनचा खेळ. आज गेले नाही.

कडी लावलीय. दाराला पाठ टेकून जमिनीवर बसलेय. लिहितेय, कारण तेवढंच उरलंय. भिंगरी खुर्चीत. निळा स्वेटर.

समोरच्या भिंतीमागे लोक बसलेत. खिडकीतून त्यांचा गलका येत होता, आता शांत झाला.

वाजलं.

माझ्या पाठीत जाणवलं. सावकाश. भिंगरी नुसती हसतेय, जागची हललेली नाही. बरोबर, राणी. अशीच बस. कुणीही वाजवलं तरी उघडायचं नाही, आठवतंय ना, माझा आवाज आला तरच—

परत वाजलं. उठली नाही. शहाणी माझी. तिला आठवतंय, तेवढं तरी राहिलंय तिच्यात—

बाहेर कुणीतरी घसा खाकरला.

नाही. नाही नाही ते—

आले गं भिंगरे, उघड.

माझा आवाज. घोगरा, रेकॉर्डरमधला, बुधवारचा—

हसू थांबलं तिचं. चेहरा कसा उजळला, अगं इकडे, मी इकडे आहे, पायाशी, तुझ्यासमोर— आई म्हणाली ती. इतक्या दिवसांनी बोलली, आई आली म्हणाली, आणि धावत— भिंगरे तो मी नाही— कडीवर हात, माझ्या हातावरच तिचा— ऊन आहे गं तिचा हात, दार रेटतेय, माझ्या